नातीच्या कानामागे लावलेला बिब्बा

शेजारी कोणी बिब्बा तापवला की त्या वासानं मला नातीचा ताप आठवतो. तिच्या डोक्यात पाणी साचायचं, म्हणून डॉक्टरांनी कातडीखालून पोटापर्यंत नळी घातली होती. ती चार वर्षांची असताना कानामागे, नळीवरच, सूज आली. आमच्याकडे सुजेवर बिब्बा लावतात, तसा मी लावला. कातडी जळून फुटली आणि आठ दिवसांत पोर तापानं फणफणली. दिग्रसहून गाडी करून आम्ही नागपूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इथं काय लावलं होतं?" सून मान खाली घालून म्हणाली, "काही नाही जी, खाजवलं तिनं." मला वाचवायला खोटं बोलत होती. मी म्हटलं, "बिब्बा लावला, म्या लावला. तिले नका विचारू, मले विचारा." बाई म्हणाल्या, "अजून दोन दिवस थांबला असता तर पोर गेली असती." जंतू नळीत शिरले होते. त्यांनी ती नळी काढली, डोक्यातलं पाणी बाहेर टांगलेल्या पिशवीत सोडलं, पंधरा दिवस इंजेक्शनं दिली आणि मग नवी नळी घातली. तोवर नातीनं उठायचं नाही, अशी ताकीद होती आणि राखणीला मी. पण मीच जरा हलले की ती दटावायची, "आजी, गुपचूप बस, बाई रागावतीन!" आता ती तिसरीत आहे. तिची वेणी घालायला बसले की मी सुनेला विचारते, "लावू का हात?" ती म्हणते, "लावा नं आत्याबाई, रोज रोज काय पुसता?" मी तरी विचारतेच.