चारठाण्यात बंद पडलेली गाडी

पंचमीच्या आदल्या दिवशी मी परभणीत ऑफिसात बसलो होतो. समोर फायली, फायलींच्या आड मोबाईल... आणि मोबाईलच्या नकाशावर माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागलेली.

गाडी माझी, पण राहते वालूरला दादाकडे. परभणीतल्या आमच्या बोळात ती मावत नाही. सुट्टीला गावी गेलो की मी फडकं घेऊन तिच्याभोवती फिरतो. एरवी शेताची, बाजाराची कामं दादा तिच्यावर करतो.

मध्यंतरी गावातला एकजण चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमची गाडी लय फिरायलीय बरं का..." झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला. दादा गाडी भाड्यानं तर देत नसेल?

सरळ विचारायचं सोडून मी काय केलं, तर सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी परभणीला आणली आणि डॅशबोर्डच्या मागं ट्रॅकर बसवून घेतला. दादाला चकार शब्दानं सांगितलं नाही. बसवणाऱ्यानं सगळं समजावलं... गाडी चोरीला गेली तर मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं, फक्त चालत्या गाडीत ते बटण दाबू नका.

तेव्हापासून मला दुसरा उद्योगच राहिला नाही. जेवताना ताटाशेजारी मोबाईल, झोपताना उशाशी मोबाईल. बायको वैतागली, पण चोर सापडल्याशिवाय मी थोडाच थांबणार होतो!

त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला होता. खत आणायला सेलूला जातोय म्हणाला. आणि इकडे नकाशावरची गाडी चारठाण्यात जाऊन उभी राहिली... श्रावण चालू, चारठाण्याची देवळं जुनी. नक्कीच देवदर्शनाचं भाडं मारतोय, असं मी ठरवूनच टाकलं.

गाडी थांबलेली आहे, म्हणजे आपलं सगळं नियमात आहे, असं स्वतःला बजावलं. ॲपनं विचारलं, इंजिन बंद करायचे का? हो. खरं सांगतो, बटण दाबताना मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं दादाचा फोन. "आरं, गाडी चालूच होईना गेलीय. कसं करावं?"

कुठं आहेस म्हणून विचारलं, तर म्हणाला सेलूत. मी मजा घेत म्हणालो, सेलूत मेकॅनिकला काय तोटा, बघ की एखादा... तेवढ्यात त्याच्या मागून बाईचा आवाज आला. "दादा, खाली उतरू का मी?"

तो आवाज ताईचा होता.

आमची बहीण चारठाण्यात दिलेली आहे. सख्खी बहीण. नकाशावर गावाचं नाव डोळ्यांसमोर असताना मला देवळं आठवली, भाडं आठवलं... ताई आठवली नाही. लाज वाटते लिहायला, पण हे असंच झालं.

आणि दादा खोटं का बोलला, तेही लख्ख कळलं. दिवाळीत तो ही गाडी घेऊन चारठाण्याला गेला होता. वाटेतल्या बाभळीनं दारावर ओरखडा उठला, तर मी घरभर तोंड वाजवलं होतं. त्यानंतर त्यानं माझ्यासमोर चारठाण्याचं नावच काढलं नाही. आता दोन पंचम्या माहेराला मुकलेल्या बहिणीला आणायला मुराळी म्हणून जायचं, तर बिचाऱ्याला मला सेलू सांगावं लागलं.

"बघतो" म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. इंजिन चालू करायचं बटण दाबलं, तर गोल चक्र फिरतंय, फिरतंय... डिव्हाइसशी संपर्क नाही. मी व्हरांड्यात जाऊन हात वर करून उभा राहिलो. जसं काही माझ्या हातामुळे चारठाण्याला रेंज येणार होती.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. ताईची ओटी भरून झाली होती, ती गाडीत बसली होती, निरोप द्यायला गल्ली जमली होती. लोकांनी गाडी पार कोपऱ्यापर्यंत ढकलली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, निघतानाच अडलं, आज राहू द्या, उद्या न्या. ताई भरली ओटी घेऊन परत घरात गेली.

मग केव्हातरी रेंज आली आणि गाडी चालू झाली. दादा रिकाम्या गाडीनं वालूरला परतला. मला फोन करून आनंदानं सांगतोय, "आपोआपच चालू झाली बघ!"

संध्याकाळी मी एसटीनं गाव गाठलं. सकाळी दोघं भाऊ चारठाण्याला निघालो आणि वाटेत मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"मला इचारायचं होतंस की रे," दादा एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ताईला सांगू नको. तिची पंचमी गोड होऊ दी."

चारठाण्यात ताईच्या सासूबाईंनी चहा पुढं केला. म्हणाल्या, "आमच्या सुनबाईला न्यायला तुमी मुद्दाम गाडी पाठवली म्हणून दादा लय कौतुक करत होते तुमचं. बंद पडली तरी म्हणले, धाकट्यानं बॅटरी बदल म्हणून सांगितलं होतं, मीच ऐकलं न्हाई."

दादा बाहेर गाडीची काच पुसत होता.

पंचमी छान झाली. ताई झोक्यावर बसून लहानपणीसारखी ओरडली, मी मागून झोका दिला. ट्रॅकर गाडीतच आहे, पण ॲप आता दादाच्या मोबाईलमध्ये आहे. परवा त्यानं फोन करून चिडवलंच, "सेलूला जायलोय रे... खरंच सेलूला!"

काल ताई सासरी परत गेली. ताई, तू इथं सगळ्यांच्या पोस्ट वाचतेस, ही पण वाचशील. दादानं नको सांगितलं होतं, पण मला हे घेऊन फिरवत नाही. त्या दिवशी बॅटरी गेली नव्हती. तुझा भावाचा उपवास होता, आमच्यासाठी तू उपाशी गाडीत बसली होतीस... आणि गाडी मी बंद केली होती.