कुंपणाआडचं गाऱ्हाणं

भावोजी गेल्याची बातमी मला त्यांनीच गावात आणलेल्या टॉवरवरून आली. त्यांच्या मुलाचा, विजूचा, मुंबईहून फोन. आवाज इतका स्वच्छ, की ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय नव्हती...

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, त्यानंतर साहेबलोक आमच्या आचऱ्याच्या सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, आले. गस्तीच्या बोटींशी बोलायला, अनोळखी होडीची खबर पुढे धाडायला त्यांना उंच जागा हवी होती. सातबाऱ्यावर नाव भावोजींचं, माझ्या धाकट्या दिराचं. त्यांनी मला न विचारता सडा देऊन टाकला. मी लावलेली काजूची झाडं गेली. शेवटच्या काजूखाली मी कोयता घेऊन बसले आणि साहेबाला ठणकावलं, "ह्या खांबामुळे माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील!" पन्नाशीची मी शहाणी कोंबड्यांच्या जोरावर देशाची सुरक्षा अडवायला निघाले होते. साहेबाने मला चहा पाजला आणि काजू पाडला. चहा मी संपवलाही.

खांब उभा राहिला, पुढे त्यावर मोबाईलची रेंजही आली; आमच्या राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, दगड मात्र कुंपणाच्या आत राहिला. वर्षातून एकदा आत जायची परवानगी एकट्या भावोजींना. ते आत गाऱ्हाणं घालणार, देवाकडे एकेक मागणं मागणार, आम्ही प्रत्येकाला बाहेरून 'व्हय म्हाराजा' म्हणणार; सगळे होकार आले की मगच हातातला नारळ ठेवायचा. पोरंबाळं, गुरं, होड्या, सगळ्याला मी म्हणायची. मग त्यांचं ते वाक्य यायचं : "बा राखणदारा, दर्यातसून कोणी वायट मतीन इलो, तर ह्या खांबान तेची खबर वेळेर दिवक व्हयी..."

मी गप्प. ते तारेतून बघत थांबायचे.

"म्हण गो वयनी, नारळ हातात आसा."

"हात दुखूंदेत, भावोजीनू. तुमच्या खांबाक माझो होकार नाय."

पहाऱ्यावरचा जवान तोंड फिरवून हसायचा.

मध्यंतरी सीमेवर तणाव वाढला, होड्या माघारी बोलावल्या. एकीवर माझा नातू होता. निरोप ह्याच खांबावरून गेला, असं भावोजी गावभर सांगत फिरले. माझ्या दारात जरा जास्तच मोठ्याने. मी दार लावून घेतलं.

यंदा विजू मुंबईहून आला. "काकी, माका ह्यातला काय येयना. तूच घाल." बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही, पण जवानाने फाटक उघडलं. मी सगळं मागितलं... आणि त्यांच्या वाक्यापाशी अडले. गाळलं असतं तर विचारणारं कोण होतं? पण नातू सकाळीच दर्यात गेला होता. ते वाक्य म्हटलं, एक शब्द न बदलता. माफ मात्र केलेलं नाही.

बाहेरून 'व्हय म्हाराजा' येईना. विजू मोबाईलमध्ये डोकं घालून उभा. नारळाने माझा हात भरून आला, तशी मी तारेतून ओरडले,

"म्हण रे मेल्या!"