हवापालटाचा डोंगर

माझं माहेर औंध संस्थानातल्या कोरड्या मुलखात. मला दिली कोयनेच्या खोऱ्यावरच्या एका डोंगरावर. माथ्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, पश्चिमेला थेट कोकणात तुटलेला कडा, पूर्वेला किर्र रान. सड्यावर माती बोटभर. तीत नाचणी पेरायची आणि त्याला शेती म्हणायचं.

मृग लागला की ऊन संपलं. मग पाऊस अडवायला घराभोवती गवताच्या झडी बांधायच्या आणि आत दिवसाही दिवा लावून बसायचं. मिठाचं पाणी व्हायचं, लुगडी चुलीवर टांगली तरी ओलीच. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की पोटरीला जळवा. आणि सासरे प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगत, "आमच्या डोंगराची हवा म्हंजी औषिद हाय." ते औषध चार महिने घेऊन सगळी वाडी खोकत असे.

एका वैशाखात साताऱ्याचे वकील आजारी बायकोला घेऊन वर आले. तिला खोकला आणि बारीक ताप. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. पाचगणीला घर भाड्यानं घ्यावं लागलं असतं; इथं आमची पडवी फुकट होती. संध्याकाळी वकीलसाहेब कड्यावर हात मागं बांधून उभे राहत आणि म्हणत, "स्वित्झर्लंड!" पुण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते.

मृगाच्या तोंडावर ते म्हणाले, "कोर्ट उघडतंय. हिला राहू दे, मी पंधरवड्यानं येतो."

मी सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, बाईंना खाली न्या. पाऊस लागला की डोली बी उतरायची न्हाई."

"तुला काय कळतंय? मानाचं पाव्हणं हायती."

मानाचे पाहुणे एकटेच उतरले. आठवड्याभरात ओढ्याला पाणी आलं, पायवाट दरडीखाली गेली. पंधरवडा झाला, महिना झाला, वर कोणी आलं नाही.

पडवीत वाऱ्याबरोबर ढगच आत यायचे. मी बाईंचं अंथरूण चुलीपाशी हलवलं. गोधडी शेकून पांघरायची, दुधात हळद घालून द्यायची, एवढंच माझ्या हातात. एकदा त्यांनी विचारलं, "अगं, तुझ्या माहेराकडे पाऊस कसा पडतो?"

"आमच्याकडं? इचारून पडतो. आन् लोकांनी व्हय म्हटलं की येतच न्हाई."

त्या हसल्या, आणि हसण्यापायी कितीतरी वेळ खोकत राहिल्या. श्रावणात त्यांना उठून बसवायलाही मी लागे.

नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला आणि वकीलसाहेब उगवले. आधी सड्यावर उभे राहून उरलीसुरली फुलं बघितली, मग घरात आले. बायकोच्या हाडांवर कातडं तेवढं उरलेलं. गाल तापानं लाल. ते बघून हा शहाणा म्हणतो, "वा! रंग किती सुधारलाय!"

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही दिवाळीला माहेरी जाणारच आहे. ती आजच निघू दे, मीही हिच्याबरोबर जाते."

"त्या दुष्काळी मुलखात? तिथं आहे काय?"

"ऊन," बाई म्हणाल्या.

सासरे पुटपुटत राहिले, पण डोली त्यांनाच सांगावी लागली.

ती सगळी थंडी बाई माझ्या आईच्या अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या. आई बाजरीची भाकरी आणि शेळीचं दूध द्यायची. संक्रांतीला ताप हटला, शिमग्याला त्या आपल्या पायांनी विहिरीपर्यंत गेल्या. उन्हानं झालं की भाकरीनं, मला सांगता येणार नाही. डोंगरानं झालं नाही, एवढं नक्की.

वकीलसाहेबांनी मात्र साताऱ्यात गावभर केलं की डोंगराच्या हवेनं बायको वाचली. पुढच्या वैशाखात ते ऐकून आणखी एक कुटुंब वर आलं. त्यातला नवरा कड्याकडे गेलेला बघून मी त्या नव्या बाईंना गाठलं आणि विचारलं, "उतरायची डोली कवाची सांगू?"