आई गॉस्पोर्टला उतरली

आई नागपूरहून लंडनमधल्या हॅरोला आली ती माझ्या बाळंतपणासाठी, आणि सहा महिन्यांच्या व्हिसात तिने दुसरं काही केलंच नाही. डिंकाचे लाडू झाले, शेकशेगडीच्या नावाखाली हीटरशी भांडण झालं, तान्ह्या मुक्ताला रोज पायावर घेऊन न्हाऊ घालणं झालं. लंडन मात्र तिने बहुतेक आमच्या किचनच्या खिडकीतूनच पाहिलं. शनिवारी तिचं परतीचं विमान आणि बुधवारी मला हे सुचलं. समीर, माझा नवरा, ऑफिसच्या कामासाठी कॉव्हेंट्रीला गेलेला. म्हटलं, आपण तिघीच जाऊ कुठेतरी. कुठे जायचं विचारलं तर आई म्हणाली, "मी कधी बोटीत नाही बसली." झालं, समुद्रकाठचं पोर्ट्समथ ठरलं.

मला खरी काळजी वेगळीच होती. दुपारी मुक्ता फक्त आईच्या पायावर झोपायची. आई जमिनीवर पाय पसरून बसायची, पोरीला दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत ठेवायची आणि पाय डोलवत काहीतरी गुणगुणायची. मी दोनतीनदा करून पाहिलं, तेव्हा मुक्ताने घर डोक्यावर घेतलं. शनिवारनंतर काय, हा विषय आम्ही दोघीही टाळत होतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथून वॉटर्लू आणि वॉटर्लूहून थेट पोर्ट्समथ हार्बरची ट्रेन. गर्दीच्या वेळा सोडून चालणारं ऑफ-पीक तिकीट काढा, बराच फरक पडतो. शक्यतो वीकएंड टाळा, रुळांची कामं निघाली की अर्धा रस्ता बसने जावं लागतं. बाबागाडीची चिंता करू नका. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, प्रत्येक जिन्यावर कुणी ना कुणी पुढचं चाक धरायला आलंच. आईला त्याचं फार अप्रूप. "उचलून दिली आणि चालला गेला," ती म्हणाली, "कुठले तुम्ही, कोण तुम्ही, काही नाही."

शेवटचं स्टेशन चक्क पाण्यात खांबांवर उभं आहे. बाहेर पडताच जुनं काळं लढाऊ जहाज समोर येतं, आणि नुकताच उघडलेला उंच पांढरा टॉवर. गोदीतली जुनी जहाजं आतून बघायचं तिकीट महाग, शिवाय आत शिडीसारखे जिने, म्हणून आम्ही बाहेरूनच समाधान मानलं. आई त्या जहाजाकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, इतिहासाने भारावली. "पाण्यात राहून इतकी वर्षं टिकलं," ती म्हणाली. "आपलं किचनचं कपाट पाच वर्षांत फुगलं."

तिथून चालत जुन्या पोर्ट्समथला गेलो. दगडी गल्ल्या, पब, आणि समुद्राला लागून जाडजूड तटबंदी. तिच्या टोकाला एक गोल बुरूज आहे. जहाजं याच्याच पायथ्याशी हार्बरच्या तोंडातून बाहेर पडतात आणि घरची माणसं बुरुजावरून हात हलवतात. आम्ही तटाला टेकून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, वर चिप्स घेतल्या. व्हिनेगर नको असेल तर आधीच सांगा, नाहीतर दुकानदार सढळ हाताने ओततो. वारा इतका होता की आईने साडीवर माझं जॅकेट आणि त्यावर स्वतःची शाल घेतली.

मग फेरी. स्टेशनशेजारूनच पलीकडच्या गॉस्पोर्टला छोटी बोट जाते, पाचेक मिनिटांची गंमत, तिकीट अगदी किरकोळ. आम्ही धक्क्यावर पोचलो आणि मुक्ताने दूध मागायला सुरुवात केली. "राहू दे बाप्पा," आई म्हणाली. मी ऐकलं नाही. तिच्या हातात रिटर्न तिकीट दिलं, पलीकडे उतरून लगेच पुढच्या बोटीत बस म्हणून बजावलं आणि तिला ढकललंच. बोट सुटली तेव्हा आई वरच्या डेकवर रेलिंग धरून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढची बोट आली. आई नाही. त्यानंतरची आली, तिच्यातही नाही. तिच्याजवळ ना मोबाइल, ना आमचा पत्ता. बोटीवरच्या दोर बांधणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "लेडी इन द सारी? गॉट ऑफ ओव्हर देअर, लव्ह. नो हरी ॲट ऑल."

एव्हाना मुक्ताची झोपेची वेळ झाली होती आणि ती टाहो फोडत होती. बाबागाडी हलवून, खांद्यावर घेऊन, सगळं करून झालं. शेवटी मी धक्क्याच्या भिंतीला टेकून खाली ब्लँकेट टाकलं, पाय पसरले आणि तिला पायांवर घेतलं. माणसं वळसा घालून जात होती. गाणं आठवेना, तेव्हा मी स्टेशनांची नावंच गुणगुणत राहिले, बेकर स्ट्रीट, वॉटर्लू, पोर्ट्समथ. ती रडली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. मी पाय थांबवले नाहीत. घाबरलेली होते आणि आनंदाने रडूही येत होतं.

आई त्यानंतरच्या बोटीने आली. शाल वाऱ्यावर सोडून, सावकाश. माझ्या पायांकडे तिने एकदा पाहिलं आणि शेजारी बसली.

"कुठे होतीस?" मी दबक्या आवाजात ओरडले.

"चहा प्यायली. एक बोट चहात गेली."

"आणि दुसरी?"

"ती सोडली." तिने मुक्ताच्या अंगावर शाल टाकली. "मी इथे असली की तू पोरीला माझ्याच पायावर देते. शनिवारनंतर कोणाच्या देशील?"

मला राग यायला हवा होता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही तिघीही झोपलो.

आता आई नागपुरात आहे. कुणी लंडनचं विचारलं की ती गॉस्पोर्टचं सांगते, एकटी गेले आणि चहा मागून घेतला म्हणून. तुम्ही गेलात तर तुम्हीही पलीकडे उतरा, घाईने परतू नका.

काल कॉलिंग कार्डावरून फोन केला.

"झोपली?" आईने विचारलं.

"झोपली. माझ्या पायावर."

"बरं झालं," ती म्हणाली. मी कार्डावरची मिनिटं विसरून वाट पाहत बसले. मग म्हणाली, "मी पण दुपारी पाय पसरूनच बसून राहिली इथे. रिकामेच हलतात."