आम्हा सगळ्यांचा एक जून

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. माझ्या पित्ताशयात खडे निघाले होते आणि जळगावातल्या सर्जनने ऑपरेशन लवकर उरकून घ्या असं सांगितलं होतं. मी मात्र तारीख पुढे ढकलत होतो. आधी म्हणालो, मार्चअखेरची कामं आहेत. मग म्हणालो, थोरलीची परीक्षा होऊन जाऊ दे. मी व्यापाऱ्यांच्या विक्रीकराची कामं करायचो, त्यामुळे मार्चचं कारण सगळ्यांना पटलं. मे उजाडल्यावर ते कोणालाच पटेना. बायकोला वाटायचं, मी सुरीला घाबरतो.

खरं कारण दुसरं होतं, आणि ते डॉक्टरांच्या खोलीतच सुरू झालं होतं. पहिल्या तपासणीला आई माझ्याबरोबर होती. ती साक्रीकडची, आयुष्यभर अहिराणीच बोलली. डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा मी सेहेचाळीस सांगितलं. आई स्टुलावरून म्हणाली, “दोन वरीस कमी सांगी ऱ्हायना हाऊ. घरवर कौलं चढनात तवय हाऊ चालाले लागेल व्हता.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी सेहेचाळीसच लिहिलं. घरी आल्यावर मी आईला खोदून विचारलं. कौलं कोणत्या वर्षी चढली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याच वर्षी विहिरीला पाणी लागलं होतं. हिशेब मांडला, तर आईचं बरोबर निघत होतं. शाळेत घालताना मास्तरांनी वडिलांना विचारलं असणार, वडिलांनी अंदाजाने काहीतरी सांगितलं असणार, आणि पुढे नोकरीला उपयोगी पडेल म्हणून मास्तरांनी त्यातलीही दोन वर्षं उडवली असणार. त्या काळी हे पुण्याचं काम समजलं जायचं.

एरवी मीही हसून सोडून दिलं असतं. पण माझा आयुर्विमा शाळेच्या त्याच दाखल्यावर काढलेला होता. प्रस्तावावर मी सही केली होती की वर दिलेली माहिती खरी आहे. आमचं घर भाड्याचं, बँकेत सांगण्यासारखं काही नाही, दोन मुली शिकत होत्या. ऑपरेशनमध्ये माझं काही बरंवाईट झालं तर बायकोच्या हाती ती पॉलिसी तेवढी असणार होती. आणि लोकांच्या विवरणपत्रातला एक चुकीचा आकडा अख्खं प्रकरण कसं उलटवतो, हे मी रोज पाहत होतो. विमा कार्यालयात जाऊन विचारावं, तर ते आपणच आपल्यावर बोट दाखवल्यासारखं झालं असतं. न विचारता टेबलावर झोपावं, तर आपल्या माघारी ती कोणाला विचारणार? या पेचात मी पोटातली कळ सोसत अडीच महिने काढले.

मी एका सेवाभावी क्लबाचा सभासद होतो. दर मंगळवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर आमची सभा भरायची. घंटा, प्रार्थना, मागच्या सभेचा वृत्तांत, मग पाहुण्यांचं भाषण, शेवटी राष्ट्रगीत आणि बटाटेवडा. त्या वर्षी वक्ते ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. नेत्रदान झालं होतं, केळीवरचे रोग झाले होते. मी समितीत सुचवलं, आता विम्यावर कोणाला तरी बोलवू. विषय उपयुक्त आहे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. धुळ्याच्या विमा कार्यालयातले एक अधिकारी यायला तयार झाले. जूनचा पहिला मंगळवार ठरला.

तो दिवस ठरवताना आमच्या क्लबातली एक प्रथा माझ्या लक्षातच आली नाही. त्या आठवड्यात ज्यांचा वाढदिवस असेल त्यांनी उभं राहायचं, इतरांनी टाळ्या वाजवायच्या आणि उभ्या राहिलेल्यांनी सेवानिधीच्या डब्यात काहीतरी टाकायचं. डबा फिरवायचं काम एका दंतवैद्यांकडे होतं. बिल्ला न लावल्याबद्दल, उशिरा आल्याबद्दल, अगदी नवीन चप्पल घातल्याबद्दलही ते दंड घेत.

पाहुणे एसटीने आले होते. उन्हाने लालबुंद झालेला चेहरा रुमालाने पुसत ते अध्यक्षांशेजारी बसले. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे बजावलं की प्रश्न सर्वसाधारण विचारा, पाहुण्यांना स्वतःची कामं सांगत बसू नका. मग दंतवैद्यांनी वाढदिवसवाल्यांना उभं राहायला सांगितलं.

खुर्च्या सरकल्या. निम्म्याहून जास्त सभागृह उभं राहिलं. वकील, कापसाचे व्यापारी, निवृत्त हेडमास्तर, आणि मी. सगळ्यांचा वाढदिवस एक जून. टाळ्या वाजवायला उरले फक्त क्लबातले डॉक्टर आणि शहरात वाढलेले दोघे-चौघे.

दंतवैद्य म्हणाले, “एकाच दिवशी एवढी बाळंतपणं झाली, तर सुईण कुठून आणली हो खान्देशाने?”

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, “सुईण कशाला? मी होतो ना. माझ्या हातून निदान पाचशे मुलं एक जूनला जन्माला आली असतील.”

हशा ओसरेपर्यंत पाहुणेही उभे राहिले होते. तेही एक जूनचेच. दंतवैद्यांनी त्यांच्यासमोरही डबा धरला. अध्यक्षांनी नको नको म्हटलं, तरी पाहुण्यांनी त्यात नोट टाकली.

त्यांनी आणलेले कागद मिटून खिशात ठेवले आणि भाषणाला वयापासूनच सुरुवात केली. हप्ता वयावर कसा ठरतो, पुरावा म्हणून काय काय चालतं, हे ते साध्या भाषेत सांगत होते. मी त्यातल्या एकाच वाक्याची वाट पाहत होतो आणि ते वाक्य काही येत नव्हतं. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा मी उभा राहिलो. वक्ते ठरवणाऱ्यानेच प्रश्न विचारावा हे विशेष नव्हतं.

मी विचारलं, “समजा, एखाद्याने शाळेच्या दाखल्यावरून वय दिलं. पुढे कळलं की ते दोन वर्षांनी कमी आहे. तर त्याच्या माघारी बायकोला पैसे मिळतात का?”

“एखाद्याने म्हणजे कोणी, भाऊ?” दंतवैद्य म्हणाले.

पाहुण्यांनी मला विचारलं, “पॉलिसी घेताना त्याला हे ठाऊक होतं का?”

“नाही.”

“मग कशावरून कळलं? काही कागद सापडला का?”

“नाही. आई सांगते,” मी म्हणालो. तोंडातून गेलंच ते. सगळे हसले. पाहुणे हसले नाहीत.

ते म्हणाले, “आईचं खरं असेल, माझी आईही तसंच सांगते. पण तुम्ही शाळेचा दाखला दिलात आणि आम्ही त्यावर वय मान्य केलं, तिथे ते संपलं. उद्या भक्कम पुरावा निघाला तरी वयाच्या फरकाचा हिशेब होतो, रक्कम थोडी कमी होते. तुम्ही मुद्दाम फसवलं नसेल, तर त्यासाठी कोणाच्या बायकोला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत.”

मी खाली बसलो. पुढचे प्रश्न मी ऐकले नाहीत. त्या संध्याकाळी मी वडासुद्धा खाल्ला. तळलेलं मला मना होतं आणि त्याचे परिणाम रीतसर भोगले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तरी स्वभाव जात नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाखेत पॉलिसी घेऊन गेलो आणि काय ते सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी वय मान्य केल्याची नोंद मला दाखवली. मी फरकाचा हिशेब करूनच नेला होता, तो भरायला तयार आहे म्हणालो. त्यांनी वर पाहिलं. कशाच्या आधारावर घेऊ, असं विचारलं. आईला घेऊन येऊ का, म्हटल्यावर मात्र त्यांनी पॉलिसी माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तिथून मी घरी न जाता सर्जनच्या दवाखान्यात गेलो आणि सगळ्यात जवळची तारीख मागितली. येत्या सोमवारची मिळाली.

घरी येऊन बायकोला तारीख सांगितली, मग सगळंच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही सुरीला घाबरत नव्हता?” तिने विचारलं.

“सुरीला घाबरतोच आहे. पण आता फक्त सुरीला.”

तिने सूप बाजूला सारलं. अडीच महिने आपल्याला का नाही सांगितलं, म्हणून मला बरंच सुनावलं, आणि मग दवाखान्यात न्यायच्या चादरी काढायला उठली.