शकुबाईचं तोंड

१९५४ साली हिंगणघाटच्या एका शाळेत शकुबाई पाणी भरायची, फरशी पुसायची आणि हेडमास्तरांपासून चपराशापर्यंत सगळ्यांना सुनवायची. तिच्या जिभेला हाड नाही, असं मास्तर म्हणत. खरं बोलणाऱ्या बाईबद्दल मास्तर दुसरं काय म्हणणार!

तिसरीतली लीना मधल्या सुट्टीपर्यंत चार-चार लोटे पाणी प्यायची आणि तासातासाला लघवीला जाऊ द्या म्हणायची. पोर वाळून काटकी झाली होती. बंडोपंत गुरुजींना मात्र ते अभ्यास टाळायचं सोंग वाटे. एकदा त्यांनी तिला जाऊच दिलं नाही. पोरीला वर्गातच झाली, सगळे फिदीफिदी हसले. शकुबाई फडकं घेऊन आली तोवर तिथे मुंग्यांची रांग लागली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुरुजी, पोरगी वाळून राह्यली अन् तुमाले सोंग दिसते? लाज वाटू द्या!"

लीनाचा हात धरून तिने थेट दवाखाना गाठला.

"ऊन तापलंय, पाणी पिणारच," डॉक्टर म्हणाले. "जंताचं औषध देतो."

"लघवीले मुंग्या लागतात, डाक्टरसाहेब! तपासल्याबिगर मी हलत नाई."

पिच्छा सुटावा म्हणून डॉक्टरांनी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, मग विटेसारखं लाल. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"साखर आहे. मधुमेह. आजच्या आज नागपूरला न्या. इन्शुलिन मिळालं तरच पोर वाचेल."

निरोप मिळताच लीनाची आई सुधा धावत आली. "अंथरुणात लघवी करते म्हणून मी तं तिले रोज तीळगुळाचे लाडू चारून राह्यली!"

"गूळ? कोण्या अडाण्यानं सांगतलं तुले?" शकुबाई कडाडली.

सुधाने मान खाली घातली. "तुम्हीच तं सांगतलं होतं, मावशी."

गुरुजींवर, डॉक्टरांवर काढलेला सगळा राग शकुबाईच्याच अंगावर उलटला.

लीना वाचली, रोज सुई टोचून घेऊन. शकुबाईने स्वतःला माफ केलं नाही. हा लाडू तिने पंधरा-वीस घरी सांगितला होता. शाळा सुटली की ती एकेक दार वाजवू लागली. "पोराची लघवी तपासून आणजो पहिले. मी चुकली," असं ओरडून सांगायची, आणि घरची बाई नको नको म्हणत असताना लाडवांचा डबा उचलून गोठ्यात रिकामा करायची.