तोंड माझं, आवाज दुसरीचा

स्टेजवर चढायच्या आधी दिग्दर्शकांनी माझा दंड धरला. कानाशी वाकून म्हणाले, "फक्त हात जोडायचे आणि हसायचं. तोंड उघडायचं नाही."

मी नऊ वर्षांची. त्यांच्या सिनेमातलं मुख्य काम माझं. पनवेलच्या थिएटरात त्या सिनेमाचा खास खेळ होता आणि नेऱ्याच्या पुढच्या आमच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली होती. आम्ही आगरी माणसं हळदीला नटतो तशी नटून. बाबांनी त्या दिवशी बाजारात भाजी नेली नव्हती. आभाराची दोन वाक्यं मी घोकून आले होते.

खालून कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोल गं पोरी. मी तोंड उघडणार, एवढ्यात दिग्दर्शकांनी माईक स्वतःकडे ओढला. लाजते हो ती, म्हणाले. सगळे हसले. मी लाजत नव्हते. आजवर कधी लाजलेले नाही. मला गप्प केलं होतं.

का केलं, ते सिनेमा सुरू झाल्यावर कळलं.

पडद्यावर मी आले. गावानं शिट्ट्या मारल्या. मग मी तोंड उघडलं आणि भलतीच मुलगी बोलली. गुळगुळीत, शहरी आवाज. शूटिंगला मी म्हटलं होतं, "बाबा, मना भूक नाय. तू जेव." आमच्या घरात रोज बोललं जातं तसंच. तेव्हा दिग्दर्शकांनी पाठ थोपटली होती. पडद्यावर मात्र आलं, "बाबा, मला भूक नाही. तुम्ही जेवा." माझे ओठ मिटले तरी आवाज चालूच होता.

शिट्ट्या थांबल्या. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "ही कोन बोलते?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चोरी मी केली नव्हती. पकडली मात्र मी गेले.

बाहेर बाबांनी दिग्दर्शकांना हळूच विचारलं. ते हसून म्हणाले, "काका, चेहरा तिचा फार बोलका आहे. भाषा मात्र लोकांना कळायला हवी ना." बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, बरोबर हाय साहेब, आमचा बोलना गावठी पडतो. बाजारात भेंडीच्या भावावरून कुणाचंही न ऐकणारा माझा बाप. तो हात जोडून उभा होता. हे मला त्या आवाजापेक्षा जास्त लागलं. अजून लागतं.

पुढे काय झालं ते सांगायला जीभ जड होते, पण सांगते. शाळेत मुली म्हणायच्या, पिक्चरमधलं बोलून दाखव. मी बोलले की खदाखदा हसायच्या. ही ती नाहीच, म्हणायच्या. मग मी आरशासमोर उभी राहून त्या दुसऱ्या मुलीची नक्कल शिकले. तिचं 'नाही', तिचं 'आम्ही', वाक्याच्या शेवटी ती घेते तो हेल. माझ्याच चेहऱ्याला शोभेन म्हणून मी तिचा आवाज उसना घेत होते. शाळेत माझा भाव वधारला.

आणि एकदा जेवताना तोंडातून गेलं, "बाबा, तुम्ही घ्या ना अजून."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "मी काय पाव्हना हाय?"

बस, एवढंच. पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. थिएटरात त्यांनी माझा आवाज काढून घेतला होता. उरलेलं काम मी घरी बसून पुरं करत होते.

काही महिन्यांनी दिग्दर्शक घरी आले. पेढ्यांचा बॉक्स, नवा सिनेमा, नवा रोल. अंगणात बाजेवर बसून त्यांनी मला काहीतरी बोलायला लावलं. मी नेमकी शाळेतल्या सवयीनं बोलले. ते खूश झाले. बाबांना म्हणाले, आता हिचं डबिंगही हीच करेल, बघा किती सुधारली.

सुधारली. हा शब्द माझ्या कानात गेला आणि डोकं तापलं.

त्यांनी कागदावरचं वाक्य दिलं. मी ते माझ्या घरच्या बोलीत म्हटलं. ते म्हणाले, असं नाही बाळा, मघाशी बोललीस तसं. मी पुन्हा तसंच म्हटलं. मग म्हणाले, "नीट बोल."

मी म्हटलं, "मना दुसरीचा आवाज नाय लावाचा."

ते उठले. तुझ्यासारख्या खूप मुली मिळतात, म्हणाले, आणि गाडीत बसले. आईनं कपाळावर हात मारला. कुणी शाबासकी दिली नाही. त्यानंतर कुठल्याच सिनेमावाल्याचा फोन आला नाही.

मग मीच त्या धंद्यात शिरले, मागच्या दारानं. खारघरला कॉलेज केलं आणि एका स्टुडिओत आवाजाच्या कामाला लागले. एकाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज कसा बसवायचा, हे मी पोटासाठी शिकले. त्यातूनच पुढे दिग्दर्शनात आले.

आता माझा पहिला सिनेमा तयार आहे. त्यातली मुख्य मुलगी आमच्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. मागच्या आठवड्यात निर्मात्यानं मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. म्हणाला, "मुलगी अप्रतिम आहे. फक्त आवाज बदलून घेऊ." मी नाही म्हटलं. तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांच्यातून वर आलात. तुम्हाला तरी कळायला हवं."

मी वर आलेले नाही. मी आहे तिथेच आहे, आणि तिथूनच बोलते आहे.

त्यानं प्रदर्शन थांबवलं आहे. पुढचं काम मिळणार नाही अशी तंबीही दिली आहे, आणि तो ती खरी करून दाखवेल. मला भीती वाटते. घराचा हप्ता आहे, बाबा थकलेत. तरी मी त्याला लिहून कळवलं आहे. त्या मुलीच्या तोंडात दुसरीचा आवाज घातलात, तर पहिल्या खेळाला मी थिएटरच्या दारात उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगेन की आत जी बोलते ती ही मुलगी नव्हे. दिग्दर्शक म्हणून माझं नाव असो वा नसो.

पडद्यावर ती बोलेल, तिच्याच आवाजात. नाहीतर सिनेमा पेटीतच सडेल.